हात देऊ नका तिला

"साडी नेस," आई म्हणाली.

"गडावर? साडी नेसून?"

"का, पूर्वीच्या बायका काय विजार घालून गड चढायच्या? चार माणसं बरोबर आहेत, हेमा. बरं दिसतं का ते?"

मी पंजाबी ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. तिने तो उचलून कपाटात टाकला आणि मोरपंखी साडी माझ्या हातात दिली. आईशी वाद घालणं हा माझा आवडता उद्योग. पाय अधू असला तरी जीभ माझी धडधाकट आहे. पण त्या सकाळी मी मुकाट्याने साडी नेसले. शालू नेस म्हणाली असती तर शालूही नेसले असते. दिगूदादा मला उंबरगडावर नेणार होता, बाकी कशाचं मला काही नव्हतं.

आमच्या परसदारी उभं राहिलं की उंबरगड समोर. मी लहानाची मोठी झाले ती त्या गडाकडे बघत. भांडी घासताना गड, केस वाळवताना गड. दादाला गडांचं वेड. सुट्टी लागली की स्वारी कुठल्या ना कुठल्या डोंगरावर, आणि उंबरगडावर तर जाता-येता. संध्याकाळी आला की पायरीवर बसून पायातले काटे काढायचा आणि मला सगळं सांगायचा. पहिला दरवाजा ढासळलाय, पण कमान शाबूत आहे. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, भर उन्हाळ्यात पाणी दात शिवशिवतील इतकं गार. सगळ्यात वर बालेकिल्ला, तिथं वाड्यांची नुसती जोती उरलीत, आणि गडजाईचं बिनछपराचं देऊळ. डोळे मिटून मला तो गड फिरता आला असता. फक्त गेले कधी नव्हते.

"मला ने की एकदा," मी म्हणायचे.

"तुला नाही झेपायचं, हेमे," तो म्हणायचा. रागाने नाही, मायेनेच. त्यामुळे भांडताही यायचं नाही.

तीन वर्षांची असताना मला ताप आला आणि जाताना डावा पाय घेऊन गेला. पाय आहे, पण नावाला. गुडघ्यात जोर नाही, म्हणून पाऊल टाकताना हाताने मांडी दाबून धरावी लागते. नाही धरली तर गुडघा दुमडतो आणि मी मटकन खाली बसते. तसं माझं कुणावाचून काही अडत नव्हतं. बाजारपेठेत टायपिंगच्या क्लासात शिकवत होते. क्लास माडीवर, रोज जिना चढायचे, रोज उतरायचे.

माझं लग्न हा मात्र घरातला जुना विषय. पाहुणे यायचे, पोहे खायचे, कोथिंबीर ताजी आहे म्हणायचे, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "जरा चालून दाखव, बाळ." तेव्हा सगळ्याच मुलींना चालायला लावायचे. पण माझ्या वेळी खोलीतली सगळी माणसं बोलायची थांबायची. शेवटच्या खेपेला एका बाईंनी मला दारापासून खिडकीपर्यंत दोनदा चालवलं आणि वर म्हणाल्या, "आता साडी जरा वर धरून चाल." मी साडी वर धरली नाही. सरळ आत गेले आणि दादाला म्हणाले, "संपलं. मी आता कुणापुढं चालून दाखवणार नाही. लग्न नाही झालं तर नाही झालं."

दादा माझ्याजवळ येऊन बसला. "नाही दाखवायचं," तो म्हणाला. "माझा शब्द आहे तुला. पुन्हा या घरात तुला कुणी चाल म्हणणार नाही."

वडील आम्ही लहान असतानाच गेले, त्यामुळे दादाचा शब्द हाच आमच्या घरातला शेवटचा शब्द. आणि तो त्याने पाळला. वर्षभर घरात पाहुण्यांसाठी पोह्यांना फोडणी पडली नाही. खरं तर यात त्याचंच नुकसान होतं. धाकटी बहीण घरात असताना भावानं बोहल्यावर चढायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि फलटणची एक मुलगी त्याच्यासाठी थांबून होती. मला ते फार लागून राहिलेलं. माझ्या भावासारखा भाऊ कुणाला मिळायचा नाही, असं मी क्लासातल्या पोरींना सांगायचे.

आणि मग दिवाळीचे दिवे उतरले आणि तोच आपण होऊन म्हणाला, "हेमे, रविवारी उंबरगड. येतेस?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "मला झेपायचं नाही ना?"

"सावकाश जाऊ. झेपेल."

नुसतं म्हणाला नाही. मोच्याकडे जाऊन माझ्या डाव्या बुटाला नवा जाड तळ बसवून आणला. तो बूट हातात घेऊन मी परसदारी गेले आणि गडाकडे बघून थोडी रडले. त्या आठवड्यात पोरींना मी काय टायपिंग शिकवलं, देव जाणे.

बरोबर दोन माणसं होती. दादाच्या कचेरीत नव्याने बदलून आलेले सदानंद कुळथे आणि त्यांची मोठी बहीण कमलताई. "त्यांनाही गड बघायचाय," दादा म्हणाला होता. एस.टी.ने पायथ्याच्या गावात उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. सदानंद पस्तिशीचे, अंगाने किरकोळ, मोजकं बोलणारे. कमलताई चाळिशी ओलांडलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी.

"एवढं काय घेतलंय?" मी विचारलं.

"देवीची ओटी गं. गडावर देवी आहे म्हणे. मोकळ्या हाताने कसं जायचं?"

मला बाई आवडल्या.

वाट सुरुवातीला सोपी होती. दोन्ही बाजूंनी कमरेएवढं पिवळं गवत, मधून लाल मातीची पायवाट. दादा सगळ्यात पुढे, मग सदानंद, मग मी. कमलताईंना मी वाट करून दिली तर म्हणाल्या, "तू हो पुढं. मी आपली मागून येते, मला दम लागतो." दम काही त्यांना लागत नव्हता. मी थांबले की त्या थांबायच्या, मी निघाले की निघायच्या, आणि श्वासाचा आवाजसुद्धा यायचा नाही. मला वाटलं, बाई मला सांभाळून घेतायत, आणि तसं दाखवत नाहीत. किती समजूतदार माणूस.

करवंदीच्या जाळ्या लागल्या तशी वाट चढू लागली. मी मांडीवर हात दाबून चालत होते. मागून कमलताई म्हणाल्या, "जन्मापासून आहे का गं असं?"

"नाही. ताप आला होता लहानपणी."

"हात नाही ठेवला तर?"

"तर तुमच्या अंगावर पडेन. जरा लांबून चाला."

त्या हसल्या. "दुखतो का?"

"थंडीत दुखतो. नाहीतर बिचारा गप्प असतो. दुखायलासुद्धा जोर लागतो ना."

"आणि ओझं उचलता येतं?"

"उजव्या हातात येतं. डावा कामात असतो."

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. माझ्या पायाकडे लोक चोरून बघायचे आणि तोंडाने पावसापाण्याचं बोलायचे. असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. मग मीच सांगत सुटले. न्हाणीघरात कशी घसरले होते ते, जिना कसा चढते ते, पाऊस असला की कुठल्या रस्त्याने जाते ते. आईलाही कधी सांगितलं नव्हतं ते त्या बाईला सांगितलं.

त्यांनीही घरचं सांगितलं. त्यांची आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती. गावाकडचं घर जुनं, आई माडीवर, खाली आणता येत नाही. "दिवसातून किती वेळा जिना होतो म्हणून सांगू. गरम पाणी वर, घाण खाली. जेवण वर, खरकटं खाली. मी माझं घर सोडून येऊन बसलेय गं तिच्यासाठी. आमच्या यांनी आता निर्वाणीचं सांगितलंय."

"मी असते तर जिना केलाच नसता," मी म्हणाले. "चार माणसं बोलावून खाटच खाली आणली असती."

"तू असतीस तर," असं म्हणून कमलताईंनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

पहिल्या दरवाज्याच्या खाली कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. दादाने मला त्या कितीदा सांगितल्या होत्या, पण त्या गुडघ्याएवढ्या उंच आहेत हे सांगायचं राहिलं होतं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी वर बघितलं आणि पायऱ्या मोजायला लागले. सदानंद दोन पायऱ्या चढून वळले आणि त्यांनी हात पुढे केला. "या."

"हात देऊ नका तिला," वरून दादा म्हणाला. "तिची ती येईल."

सदानंदांनी हात मागे घेतला.

माझ्या छातीत काय झालं ते कसं सांगू. मला आयुष्यभर लोकांनी हात दिले. रस्ता ओलांडताना, एस.टी.त चढताना, देवळाच्या पायरीवर. नको म्हटलं तरी दिले. आणि माझा भाऊ, मला झेपायचं नाही म्हणणारा माझा भाऊ, चार माणसांत म्हणत होता की हिची ही येईल. मी उजवा पाय वरच्या पायरीवर टाकला, कातळातल्या खाचेत बोटं रुतवली, आणि डावा पाय वर ओढून घेतला. परत उजवा. परत ओढला. साडीच्या निऱ्यांचा घोळ दोनदा बुटाखाली आला. आईला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. हाताची सालं निघाली. पण गेले. कमानीखाली पोचले तेव्हा घामाने डोळे चुरचुरत होते आणि मी वेड्यासारखी हसत होते.

"दादा, आले," मी म्हणाले.

"आलीस," तो म्हणाला. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागून येणाऱ्या कमलताईंच्या तोंडाकडे बघत होता.

पुढचा सगळा वेळ मी हवेत होते. देवड्या बघितल्या, त्यात वटवाघळांची दुर्गंधी होती, तीही मला चालली. टाक्याचं पाणी प्यायले, खरंच दात शिवशिवले. पडक्या तटावरून खाली बघितलं तर आमचं गाव दिसलं. आमचं घर काही सापडेना. "दादा, आपलं घर कुठलं रे?" मी विचारलं. एरवी या माणसाला गडावर एक प्रश्न विचारला की तासभर बोलतो. त्या दिवशी त्याने नुसती बोटाने दिशा दाखवली. मला वाटलं, पाहुणे आहेत म्हणून अवघडलाय.

बालेकिल्ल्याची शेवटची चढण मुरमाड होती, पाय घसरत होता. मी थांबत, बसत, शिव्या घालत चढले. कुणीही हात दिला नाही. वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दादाने सांगितलं होतं तसंच सगळं. वाड्यांची जोती, त्यावर वाढलेलं गवत, एका कोपऱ्यात गडजाईचं देऊळ. चार भिंतींपैकी अडीच उभ्या, वर आभाळ, आत शेंदूर फासलेली देवी. मी तिच्यासमोर बसले. मागायचं असं काही डोक्यात आलं नाही. मी आलेय, एवढंच तिला सांगितलं.

कमलताईंनी देवीची ओटी भरली, नमस्कार केला. मग पिशवीतून दुसरा नारळ काढला. दुसरा खण काढला, हिरवा, जरीच्या काठाचा.

"हेमा, ये. अशी या दगडावर बस. पूर्वेकडं तोंड कर."

"मी?" मला हसूच आलं. "माझी कसली ओटी भरताय? लग्न कुठं झालंय माझं?"

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. माझा दंड धरून त्यांनी मला दगडावर बसवलं आणि कपाळाला कुंकू लावलं. मग दादाकडे वळल्या. "दिगंबरराव, आमच्याकडून होकार समजा. मांडीवर हात ठेवते, पण चढते. बसत उठत का होईना, कुणाचा हात न घेता आली. मी मागून सगळं बघत आलेय. तुम्ही म्हणालात त्यात काही खोटं नव्हतं."

त्यांनी साखरेची पुडी उघडली आणि चिमूटभर साखर माझ्या ओठांपाशी आणली. मी तोंड उघडलं नाही.

"कसला होकार?" मी विचारलं.

कमलताईंचा हात तसाच राहिला. "अगं बाई. हिला सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगणारच होतो," दादा म्हणाला. तो जोत्याच्या दगडावरचं गवत उपटत होता. "वर आल्यावर सांगणार होतो."

सदानंद बसले होते ते उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. "मला तर तुम्ही वेगळंच सांगितलंत," ते दादाला म्हणाले. "त्यांनीच सुचवलंय म्हणालात. घरात चालून दाखवायचा त्यांना कंटाळा आलाय, त्यापेक्षा गडच चढून दाखवते असं त्या म्हणाल्या. मला कौतुक वाटलं होतं तुमचं," हे शेवटचं ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?"

मी नकारार्थी मान हलवली. माझी जीभ, जी कधी कुणाला ऐकत नाही, ती टाळ्याला चिकटली होती. एकेक गोष्ट डोळ्यांपुढून जायला लागली. मोरपंखी साडी. म्हणजे आईलाही ठाऊक होतं. बुटाचा तळ. मागून चालणाऱ्या कमलताई, आणि मी त्यांना सांगितलेलं ते सगळं, न्हाणीघरात पडल्याचंसुद्धा. ओझं उचलता येतं का. आणि ते 'हात देऊ नका तिला.'

"हात देऊ नका असं ठरलं होतं?" मी दादाला विचारलं.

कमलताईच म्हणाल्या, "मीच म्हणाले होते तसं. आधार घेऊन तर कुणीही चढेल. आमच्या घरी जिन्याला कोण आधार द्यायचा?"

"घरात चार पावलं चालणार नाही म्हटलं मी तुला," मी म्हणाले. "तर तू अख्खा गड चालवलास मला."

"तुझ्या भल्यासाठीच ना, हेमे? चांगली माणसं आहेत. खाऊनपिऊन सुखी आहेत. पायाचं त्यांना काही नाही म्हणतायत. सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले."

"मग? काय करायचं मी?" त्याचा आवाज चढला. "मार्गशीर्षात लग्न करा, नाहीतर मुलगी दुसरीकडं देतो म्हणतायत फलटणचे. बत्तीस वर्षांचा झालो मी. किती थांबायचं माणसानं?"

हे मात्र तो खरं बोलला. आणि हे तो मला घरी, परसदारी बसून कधीही बोलू शकला असता. मी स्वतः फलटणला जाऊन त्यांच्या पाया पडले असते. रीत गेली खड्ड्यात, लावा लग्न म्हणाले असते. पण त्याला ते सुचलं नाही. त्याला गड सुचला. त्याला ठाऊक होतं ना, उंबरगड म्हटलं की ही डोळे झाकून येईल.

मी दगडावरून उठले. कपाळावरचं कुंकू पुसलं नाही, देवीसमोर होते. कमलताईंनी काढून ठेवलेला खण आणि नारळ उचलला आणि गडजाईच्या पायांशी ठेवला.

"ताई," मी म्हणाले, "तुमच्या आईला बरं वाटो. पण तुम्हाला जिना चढणारी बाई हवीय. तेवढंच बघायचं होतं तर आमच्या क्लासच्या जिन्याखाली उभं राहायचं होतं. रोज सकाळी चढते मी. कुणीही बघावं."

"जिना चढते ते ऐकलं होतं," कमलताई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, खूप दमलेल्या दिसत होत्या. "पण स्थळ सांगताना लोक काय वाट्टेल ते सांगतात गं. आणि मी काय वाईट केलं? पाय बघून नाही म्हणाले नाही. उलट बघायला आले. इतकं तरी कोण करतं?"

त्यांच्या जागी मी असते तर मीही बघितलं असतं.

बरोबर आणलेली भाकरी कुणी सोडली नाही. उतरायला लागलो.

चढण्यापेक्षा उतरणं मला कठीण. चढताना चांगला पाय सगळं ओढून नेतो. उतरताना अंगाचा भार अधू पायावर येतो आणि गुडघा दगा देतो. आणि तोवर माझी मांडी थरथरायला लागली होती. मुरमाच्या उतारावर मी एकदा बसलेच. कातळातल्या पायऱ्यांपाशी आलो तेव्हा दादा खालच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. आता परीक्षा संपली होती.

"धर," तो म्हणाला.

मी खाली बसले. साडी गोळा करून मांडीखाली घेतली आणि बुडावर सरकत पहिली पायरी उतरले. मग दुसरी. कातळ खरबरीत, साडी टरटरा फाटत होती.

"हेमे, काय करतेस? हात धर ना."

"कमलताई," मी मागे न बघता म्हणाले, "हेही बघून घ्या. चढते तशी, उतरते अशी. अर्धंच बघून गेलात असं नको व्हायला."

दादा हात पुढे धरून एकेक पायरी माझ्यापुढे उतरत राहिला. मी त्या हाताच्या बाजूने सरकत राहिले. सदानंद सगळ्यात पुढे निघून गेले होते. जाताना ते वाटेतले सुटे दगड पायाने बाजूला सारत होते, तेवढं मला दिसलं.

ते स्थळ मोडलं, हे सांगायला नकोच. दादाचं लग्न मार्गशीर्षातच झालं, मला घरात ठेवून. फलटणच्यांना मी स्वतः पत्र घातलं. रीत मोडली म्हणून कुणाचं आभाळ कोसळलं नाही. वहिनी चांगली निघाली, तिच्या पोरांना मी टायपिंग शिकवलं. पुढे क्लास मीच विकत घेतला. दादाशी बोलणं टाकलं असंही नाही. एका घरात राहून किती दिवस टाकणार? सणाला ओवाळते, आजारी पडला की उशाशी बसते. लोक म्हणतात, बहीण-भावाचं किती छान आहे. आहेच. फक्त त्याने कशाला 'चल' म्हटलं की मी आधी विचारते, बरोबर कोण आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही पायथ्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सदानंद आणि कमलताई गाडीची चौकशी करायला गावात पुढे गेले. मी एका बांधावर बसले. साडीच्या मागच्या बाजूला काही उरलं नव्हतं, म्हणून दादाने स्वतःचा सदरा काढून मला कमरेला बांधायला दिला. तो बनियनवर उभा होता. मी सदरा घेतला, कारण गावातून चालत जायचं होतं.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"दादा, एक विचारते. खरं सांग. हे स्थळ आलंच नसतं, तर तू मला कधी आणलं असतंस गडावर?"

त्याने गडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. खरं सांग म्हटल्यावर तो खरंच विचार करत होता. कपाळाला आठी घालून, कचेरीतला हिशोब जुळत नसल्यावर बसतो तसा. मी वाट बघत होते. त्याने नुसतं 'हो' म्हटलं असतं, खोटं का होईना, तरी मला तेवढं पुरलं असतं.

"पण कशाला आणलं असतं, हेमे?" तो म्हणाला.